मार्फाच्या दांड्या

"वहिनी, तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय गं? आमच्या दादाशी, बाबांशी, की मार्फाशी?"

प्रश्न माझा नव्हता. विचारला मीच, भर जेवणाच्या टेबलावर, ब्लिनीच्या, म्हणजे आमच्या पातळ घावनांच्या, लोण्यानं चिकट झालेली बोटं चाटत चाटत. पण तो रचला होता माझ्या मैत्रिणींनी, उल्याना आणि न्यूरानं, शाळेच्या जिन्याखाली बसून. "तू नाही विचारणार," न्यूरा म्हणाली होती. "तोंडातल्या तोंडात पुटपुटशील आणि येऊन सांगशील, विचारलं म्हणून." गेल्या वर्षी मी तसंच केलं असतं. गेल्या वर्षी फळ्यासमोर उभं केलं की मी कानापर्यंत लाल व्हायचे आणि बाई म्हणायच्या, "बस बाळा, बस." पण यंदा थंडी सुरू होताना बाबा खांद्याच्या ऑपरेशनसाठी नदीपलीकडच्या इस्पितळात पडले, आणि मार्फाला मागे घेत घेत शेडमधून बाहेर काढलं ते मी. एकटीनं. तेव्हापासून मला जो आवाज फुटलाय तो फुटलाच. आई म्हणते, हिच्या मापाचं झाकण कुठे मिळालं तर आणा.

मार्फा म्हणजे आमची गाडी. एके काळी ती आजोबांची निळी मोस्कविच होती, चार चाकांची, शहाण्यासारखी रस्त्यावरून जाणारी. पण आमच्या मेलेखिनोपर्यंत रस्ता येतोच कुठे? पेचोरा गोठली की नदीच आमचा रस्ता. म्हणून बाबांनी चाकं काढली, खाली लोखंडी सांगाडा जोडला, दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे रुंद पट्टे चढवले आणि स्टिअरिंगच्या जागी दोन दांड्या बसवल्या. डावी ओढली की डावा पट्टा अडतो आणि गाडी डावीकडे वळते, उजवी ओढली की उजवीकडे. ज्या बर्फात घोडा पोटापर्यंत रुततो त्यावरून मार्फा बदकासारखी तरंगत जाते. नाव आजीच्या लाथाळ गाईचं ठेवलंय. सुरू होताना अजून लाथ मारते.

तर मी विचारलं. ग्लेबदादाला चहाचा ठसका लागला. आई "ताइस्या!" म्हणून ओरडली. एरवी मी घरात ताया असते. पूर्ण नाव आलं की काय ते समजायचं. आणि रिम्मावहिनी? तिनं हातातली ब्लिनी शांतपणे दुमडली, वर लाल बेरीचा मुरंबा घातला, आणि म्हणाली, "लग्न ग्लेबशीच झालं. पण मार्फा आधी दाखवली असती ना, तर मी विचार करायला थोडा वेळ मागून घेतला असता."

काय हसले सगळे! बाबा तर धडधाकट हातानं टेबल बडवत होते, बशा नाचत होत्या.

घ्या. प्रश्न माझा, धाडस माझं, आणि हशा हिचा.

"मग ठरलं तर," बाबा डोळे पुसत म्हणाले. "रविवारी वरात काढू या. गवताच्या फेरीला यंदा मार्फा रिम्मा चालवेल."

माझ्या हातातली ब्लिनी मांडीवर पडली, लोण्यासकट.

गवताची फेरी म्हणजे काय ते आमच्या नदीवर सांगावं लागत नाही, तरी सांगते. उन्हाळ्यात आम्ही बेटांवरचं गवत कापून तिथेच गंज्या रचून ठेवतो आणि हिवाळाभर लागेल तसं आणतो. शेवटच्या गंज्या मात्र मुद्दाम मास्लेनित्साच्या, म्हणजे मोठ्या उपासाआधीच्या सणाच्या, रविवारासाठी राखायच्या. त्या दिवशी गावोगावच्या घरी बनवलेल्या सगळ्या पट्ट्यांच्या गाड्या एकदम सुटतात. ज्यानं त्यानं आपापल्या गंजीशी जायचं, मागची घसरगाडी गवतानं भरायची आणि परत यायचं. पहिला येईल त्याच्या गाडीच्या नाकाला गावातली सर्वांत म्हातारी बाई स्वतःच्या हातानं लोणी फासते. लोणी आठवड्यात निघून जातं, पण त्याची बढाई पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरते.

गाडीत दोघं असतात. एक वरचा, दांड्या धरणारा. दुसरा खालचा. वरचा बसून राहतो, खालचा उड्या मारतो. दोर बांध, बर्फ झटक, काठ्या टाक, घसरगाडी अडकली की ढकल, असली सगळी कामं खालच्याची. फोटो वरच्याचा निघतो. लहानपणापासून मी बाबांची खालची होते आणि एक दिवस आपण वर जाणार हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं, की कुणाला विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू खाली, नेहमीसारखी. तुझ्यासारखी खालची अख्ख्या पेचोरावर नाही," बाबा म्हणाले.

त्यांना वाटलं, कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली मी सगळं सांगितलं. वहिनीचं उत्तर ऐकून न्यूरा हसून हसून भिंतीला टेकली. "अगं, मस्तच आहे की ही!"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"तुझ्याच. पण मस्त आहे."

आता मस्त आहे यात वाद नव्हता, हेच तर दुखणं होतं. रिम्मावहिनी वोर्कुताची, कोळशाच्या खाणीच्या गावची, आणि धंद्यानं वेल्डर. लोकांच्या सुना आहेरात चादरी आणतात, चिनीमातीची भांडी आणतात. हिनं आणला बंद पडलेल्या खाणीतला कन्व्हेयरचा पट्टा. भलं थोरलं काळं वेटोळं, ट्रकमधून उतरवायला चार माणसं लागली. लग्नात दादा रडला नाही, वहिनी रडली नाही. बाबा रडले, तो पट्टा पाहून. हात फिरवत म्हणाले, "आत कापडाचे थर बघा. शिवणसुद्धा शाबूत!" मार्फाचे जुने पट्टे दर हिवाळ्यात दोनदा तुटायचे. हिच्या रबराचे नवे बसवले, त्यावर लोखंडाच्या पट्ट्यांऐवजी जाड प्लॅस्टिकचे नळ उभे चिरून त्यांचे तुकडे बोल्टनं आवळले, आणि गाडी हलकी झाली, चिकटून येणारा बर्फ कमी झाला. सुचलं कुणाला? हिलाच.

आधी शेडमधून हाक यायची, "ताया, सतराचा पाना!" आणि मी अंधारातही सतराचा काढून द्यायचे. आता हाक येते, "रिम्मा, जरा बघतेस का?" जरा! ते जरा जेवणाच्या वेळेपर्यंत चालतं. दोघं गाडीखाली पालथी पडलेली, चार बूट बाहेर, आणि आतून बाबांचा आवाज, "वा! वा!" मला आयुष्यात बाबांकडून मिळालेले सगळे वा एकत्र केले तरी एवढे होणार नाहीत. एकदा मी दोघं चहाला गेल्यावर बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले आणि हिनं मारलेला एकेक जोड तपासला. कुठेतरी गाठ असेल, भोक असेल, काहीतरी असेल. नव्हतं. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ. मी चिडून बाहेर आले, तर डोक्याला दणकून सांगाडा लागला. तोही हिनंच जोडलेला.

रविवारी उणे बावीस होतं आणि ऊन असं लख्ख की डोळे उघडवत नव्हते. काठावर सगळं गाव जमलेलं. येरमिलकाकांची नीवा गाडी आली, पिवळीधमक, नाकावर गेल्या वर्षीचा तोरा तसाच. काका खिडकीतून ओरडले, "काय सव्वाती, यंदा घरच्या बायका पाठवल्यास?"

"बायका नाहीत, सून आणि लेक," बाबा म्हणाले. "जपून हो, येरमिल. एक वेल्डिंग करते आणि एक बोलते."

लोक हसले. मी मागच्या सीटवर दोर आणि आकड्यांच्या गराड्यात बसले होते. वहिनीनं दांड्या हातात घेतल्या. त्या दांड्यांच्या मुठींना आमच्या जुन्या सायकलच्या मुठी बसवल्या आहेत, लाल, माझ्या सायकलच्या. तेवढं तरी माझं.

निघालो. आणि खरं सांगते, ती चालवते छान. मार्फा सुरू होताना लाथ मारते ना, ती हिच्या हातात मारलीच नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, रुत, एकदा तरी रुत. मग आठवायचं की आत मीपण आहे.

आमची गंजी लांबच्या बेटावर, बाकीच्यांच्या उलट दिशेला. काठाचं स्प्रूसच्या झाडांचं टोक ओलांडलं आणि गाव दिसेनासं झालं, तशी वहिनीनं गाडी थांबवली.

"काय झालं?"

"काही नाही. सरक पुढे."

"म्हणजे?"

"बाबा इस्पितळात असताना हिला तू बाहेर काढलीस म्हणे. ग्लेब सांगत होता. मला बघायचंय."

मला इतका आनंद झाला की राग यायला थोडा उशीर झाला. पण आला. माझ्या बाबांची गाडी, माझ्या सायकलच्या मुठी, आणि मला त्या हिच्याकडून मिळणार, लहान मुलाच्या हातावर गोळी ठेवावी तशा! नको म्हणावं, असं ठरवलं. आणि ठरवत ठरवतच पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा.

मग काय विचारता! डावी ओढली, डावीकडे. उजवी ओढली, उजवीकडे. समोर कुणाचंही डोकं नाही, फक्त मार्फाचं निळं नाक आणि पांढरी नदी. मी गाणं म्हणायला लागले. वहिनीनं मागून सूर धरला. तिचा आवाज भसाडा निघाला. देव आहे.

बेटाच्या अलीकडे पुढचा बर्फ करडा दिसला. मला कळलं, चोरपाणी. बर्फाच्या वजनानं गोठलेल्या नदीला भेगा जातात, खालचं पाणी वर येतं आणि पांढऱ्या गोधडीखाली लपून बसतं. त्यात शिरलं की एकच नियम, थांबायचं नाही.

"ताया, पाणी आहे!" वहिनी ओरडली.

"माहितेय!" मी पण ओरडले, आणि मार्फाला तश्शी घातली. दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले, काच भरली, इंजिन भुंकलं, आणि आम्ही पलीकडे! ओले पट्टे चपाक चपाक करत चढाव चढले आणि थेट गंजीपाशी जाऊन मी गाडी उभी केली. ऐटीत. उतरून दोन्ही हात वर करून बेटावरच्या सगळ्या कावळ्यांना ओरडून सांगितलं की ताइस्या आली.

गवत भरताना तर मी राणीच होते. वहिनीला गवत उचलायचा सुळ्या धरता येत नव्हता. "असा नाही, वहिनी, खालून घाल. वरून खाजवू नकोस." ती "बरं, तायाबाई" म्हणत होती. घसरगाडी भरली, दोर आवळले, मी पुन्हा वर बसले आणि निघाले.

निघाले कसली? मार्फानं एक लाथ मारली आणि जागेवर उभी. पुन्हा केलं. इंजिन किंचाळलं, पट्टा तसूभरही हलला नाही. मी दार उघडून खाली वाकले. ओले पट्टे बर्फात बसले होते आणि बर्फाचेच होऊन गेले होते. कुठे पट्टा संपतो आणि कुठे बेट सुरू होतं ते कळत नव्हतं.

आणि गाडीच्या कडेला बर्चच्या चार काठ्या, दोरीनं बांधलेल्या, तशाच्या तशा.

"काठ्या," मी म्हणाले.

"कसल्या काठ्या?"

"चोरपाण्यातून आल्यावर गाडी उभी करायची तर आधी पुढे काठ्या आडव्या टाकायच्या. गाडी त्यांच्यावर चढवून मग थांबायचं. म्हणजे पट्टे खाली टेकत नाहीत, गोठत नाहीत."

"आणि त्या टाकायच्या कुणी?"

"खालच्यानं."

वहिनीनं त्या काठ्यांकडे बोट दाखवलं. "आज खाली कोण होतं?"

ती होती. पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मेलेखिनोत कुणी कुणाला सांगत नाही, दूध पिता पिता कळतं. आणि मला कळत होतं, पण हातांना. माझे हात गाडी थांबायच्या आत आपोआप उडी मारतात आणि काठ्या टाकतात. आज हात दांड्यांवर होते.

मग कुऱ्हाड काढली. मी बर्फ फोडत होते आणि वहिनीनं इंजिन गरम करायचा दिवा पेटवला, पंपाचा, निळ्या ज्योतीचा. रबराला धग लागू न देता पट्ट्यांच्या आतल्या लोखंडी चाकांच्या कडेकडेनं तिनं ती ज्योत अशी फिरवली, की एकेक चाक टकटक करत मोकळं होऊ लागलं. इथेही हिला येतच होतं. थर्मासातला चहासुद्धा मी पट्ट्यावर ओतला; तो वाया गेला आणि आम्ही दोघी तहानलेल्या राहिलो. शेवटी त्याच चार काठ्या पट्ट्याखाली घालून आम्ही लोंबकळलो, आणि मार्फा कडकड करत सुटली.

"तू चालव," मी म्हणाले.

"का?"

"चालव ना!"

आम्ही शेवटच्या. काठावर चहाचे समोवार गार व्हायला आले होते. येरमिलकाकांच्या नीवाचं नाक लोण्यानं चमकत होतं. "या, या!" काका म्हणाले. "गवत आणायला गेला होतात की उगवायची वाट बघत होतात?"

बाबा जवळ आले. त्यांनी चाकांवरची काजळी पाहिली, पट्ट्यांत अडकलेले बर्फाचे तुकडे पाहिले, ओरखडलेल्या काठ्या पाहिल्या आणि एकच शब्द विचारला, "गोठली?"

मी तोंड उघडलं. माझं तोंड, जे यंदा कधी बंद होत नाही, ते उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "माझी चूक, बाबा. काठ्यांचं मला ठाऊक नव्हतं."

झालं! बायका धावल्याच. "अगं बाई, खाणीकडची पोर, तिला कुठलं ठाऊक असणार?" "आणि तरी सोडवून आणली हो!" कुणी तिच्या हातात गरम चहा दिला, कुणी तिचे हात चोळले. येरमिलकाकांनी, गेल्या कित्येक वर्षांत कुणाला बोटभर लोणी न देणाऱ्या येरमिलकाकांनी, आपल्या नीवाच्या नाकावरचं लोणी बोटानं काढून मार्फाच्या नाकाला लावलं. "पहिल्या फेरीचं," म्हणाले. आणि बाबांनी स्वतःची कोल्ह्याची टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली. ती टोपी मी सातवीपासून मागतेय.

उल्यानानं माझ्या कोपराला ढोसलं. "तू का अशी उभी? तुझी काय चूक?"

हेच! हेच तर! पाना गेला, हाक गेली, हशा गेला, टोपी गेली. ते सगळं एक वेळ ठीक. पण ती चूक माझी होती! मी चोरपाण्यातून गाडी काढली होती, मी उभी केली होती, मी विसरले होते. अख्ख्या नदीवर वरच्याच्या जागेवर बसून चुकलेली पहिली मुलगी मी, आणि ती चूकही हिनंच उचलून नेली!

संध्याकाळी न्हाणीघरातून सगळी लालबुंद होऊन आली. आईनं शेवटच्या ब्लिनी वाढल्या, उद्यापासून उपास. ग्लेबदादा वहिनीला म्हणत होता, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी लक्षात राहील."

"तिला काय लक्षात ठेवायचंय?" मी म्हणाले. "दांड्या माझ्या हातात होत्या."

आईचा चमचा थांबला. वहिनीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

"टोकाच्या पलीकडे मी चालवली. उभी मी केली. काठ्या मी विसरले. मलाच त्या टाकायची सवय, आणि आज मी वर होते."

बाबांनी मिशी पुसली. "पाण्यातून कोणी काढली?"

"मी."

"मध्ये थांबलीस?"

"नाही."

"दांडी सैल सोडलीस?"

"नाही, बाबा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं गाडीखालून एखाद्या जोडाकडे बघतात. मग वहिनीकडे वळले. "आणि तू मला खोटं सांगितलंस?"

"खोटं कुठे? मला काठ्यांचं ठाऊक नव्हतंच की," वहिनी म्हणाली. सगळे पुन्हा हसले. पुन्हा! हिच्याच बोलण्यावर! माझी एवढी मोठी कबुली, आणि हशा पुन्हा हिचा.

"बरं, बरं," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. जाताना एक चालवेल, येताना एक. मार्फा दोघींची."

दोघींची. अर्धी मार्फा. मला अर्धी नको होती. मला माहीत होतं, मार्फाच्या अंगावर आता जिथे हात ठेवावा तिथे हिची खवल्यांची ओळ लागणार. खिडकीबाहेर, न्हाणीघराच्या मागे, बर्फाच्या ढिगातून आजोबांच्या दुसऱ्या, मोडक्या गाडीचं वाकडं लाल टप वर आलेलं दिसत होतं.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे पडली, ती तशीच राहू दिली.

"आई, बाबा, ऐका. न्हाणीघरामागची आजोबांची झापोरोझेत्स आजपासून माझी. बर्फ वितळला की मी तिची चाकं काढणार. वहिनीच्या आहेरातला उरलेला पट्टा मला लागेल. वेल्डिंग वहिनीनं शिकवायचं, पण जोड मी मारणार, वाकडे आले तरी मीच. बाबा, तुम्ही पाना हातात धरायचा नाही आणि वा म्हणायचं नाही, मी सांगेपर्यंत. खालची म्हणून उल्यानाला घेईन, काठ्यांचं तिला मी आधी सांगीन. आणि पुढच्या मास्लेनित्साला मार्फा वहिनीच चालवेल, पूर्ण, अर्धी नाही. कारण मला तिला हरवायचंय."